तिसरं कडवं

चष्मेवाल्यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक पॉप गाणं का काढलं, यावर त्यांच्या इमारतीत अजून एकमत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर म्हणतात, हे वयाचं लक्षण आहे. औषध आहे, पण पेशंटने आपणहून यायला हवं. पाचव्या मजल्यावरचे एक्स्चेंजवाले, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले इंजिनिअर, म्हणतात की मूळ कल्पना त्यांचीच. आणि चष्मेवाल्यांची बायको, जी शाळेत गणित शिकवते, ती म्हणते, "दुपारभर ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं तो माणूस काहीही काढू शकतो. गाणं काढलं हे त्यातल्या त्यात बरं."

झालं होतं एवढंच, की शेजारचा वाद्यविक्रेता दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला आणि जाताना दोन चष्म्यांच्या बदल्यात एक सिंथेसायझर ठेवून गेला. काळं, लांबलचक धूड. एक बटण दाबलं की आपोआप ढोल वाजायला लागत. दुसरं दाबलं की विहिरीत चाळीस माणसं उभी राहून एका सुरात "आ" करताहेत असा आवाज येई. चष्मेवाल्यांनी पहिले चार दिवस नुसता तो "आ" ऐकला. गिऱ्हाइकाला "वरची ओळ वाचा" म्हणायचं आणि खाली हळूच "आ" सोडून द्यायचा. एका आजोबांनी त्या भरात शेवटची ओळही वाचली, जी त्यांना गेली नऊ वर्षं दिसत नव्हती.

मग शब्द सुचले. चष्म्याच्या दुकानात बसून माणसाला जे सुचणार तेच सुचलं:

दूर उभी तू, दिसतेस स्पष्ट,
पापणीचा केसही मोजून घ्यावा;
जवळ आलीस की अंधुक अंधुक,
सांग कुणाला मी दोष द्यावा?

चाळिशीनंतर डोळ्यांचं जे होतं त्यावर जगात एकही प्रेमगीत नाही, हे चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं आणि आपल्यावर जबाबदारी येऊन पडली आहे असं त्यांना वाटू लागलं. असं वाटणं फार धोक्याचं असतं. माणूस हौसेने करतो त्या गोष्टी तो सोडू शकतो. जबाबदारीने करतो त्या शेजाऱ्यांना भोगाव्या लागतात.

रेकॉर्डिंग कुठे करायचं यावर एक्स्चेंजवाल्यांनी आदेशच काढला. "कपाटात."

"कपाटात?"

"कपड्यांच्या. आवाज भिंतीवर आपटला की परत येतो. कपड्यांवर आपटला की तिथेच बसतो. माझ्या हाताखालून लाखो आवाज गेलेत, चष्मेवाले. मला आवाज कळतो."

डॉक्टरांनी घशासाठी चार पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि गाताना पोटातून गा, पण पोटावर ताण देऊ नका, असं बजावलं. हे दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. इमारतीच्या अध्यक्ष, पहिल्या मजल्यावरच्या मेट्रनबाई, मोठ्या इस्पितळात तीस वर्षं परिचारिकांच्या मुख्य होत्या. त्यांनी जिन्यातच गाठून सांगितलं, "दोन ते चार शांततेची वेळ आहे. नियम सगळ्यांना सारखा. मग ते ड्रिल असो की तुमचं ते."

"तुमचं ते" हा उल्लेख चष्मेवाल्यांना लागला. पण ते स्वतःच इमारतीचे सेक्रेटरी असल्यामुळे त्या नियमाखाली सही त्यांचीच होती.

राहिली वेळ चार ते पावणेपाच. पावणेपाचला बायको शाळेतून येई. तेवढ्या वेळात मायक्रोफोन घेऊन कपाटात शिरायचं, कोटांच्या आणि रजयांच्या मधे उभं राहायचं, दार आतून ओढून घ्यायचं आणि प्रेमगीत गायचं. हेडफोन आणि चष्मा एकमेकांवर खडखडत म्हणून चष्मा काढून ठेवावा लागे. डांबराच्या गोळ्यांचा वास तर असा, की दुसरं कडवं संपता संपता चष्मेवाले शिंकले. मोठ्यांदा, आणि योगायोगाने बरोबर तालावर.

"ही शिंक काढायची नाही," एक्स्चेंजवाले नंतर डोळे मिटून ऐकत म्हणाले. "बाकी सगळं मशीनचं आहे. एवढी एक गोष्ट माणसाची आहे."

खरा घोटाळा झाला तो पाचव्या दिवशी. शाळा लवकर सुटली. बायको घरात आली, ओला रुमाल बदलावा म्हणून तिने कपाट उघडलं, तर आत नवरा. डोळे मिटलेले, एक हात हृदयावर, दुसरा रजईत. दार उघडल्याच्या उजेडाने त्याने डोळे उघडले, समोर वीतभर अंतरावर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि ओळ अर्धी सोडायची नाही या शिस्तीने ती पूर्ण केली: "जवळ आलीस की अंधुक अंधुक."

बायकोने रुमाल घेतला आणि दार लावून घेतलं.

रात्री जेवण वाढताना ती एवढंच म्हणाली, "लांबून बरी दिसते म्हणजे मी."

"अगं, ती तू नाहीस. ती म्हणजे एक... सर्वसाधारण स्त्री."

"सर्वसाधारण."

"आणि पुढे तिसरं कडवं आहे. ते ऐकलंस तर..."

"वह्या तपासायच्या आहेत," ती म्हणाली. तिच्याकडे तपासायच्या वह्या कायम असत. त्या दिवसापासून ते गाणं घरात लागलं, की एक वही उघडली जाई.

गाणं तयार झालं तीन मिनिटं बारा सेकंदांचं. आता ते जगात सोडायचं. त्यासाठी संगणकावर एक फॉर्म भरायचा होता आणि तो भरण्यात चष्मेवाल्यांचे अकरा दिवस गेले. कलाकाराचं नाव म्हणून त्यांनी "चष्मेवाले" लिहिलं, तर उत्तर आलं की धंद्याची जाहिरात चालणार नाही. स्वतःचं खरं नाव टाकलं, तर त्या नावाचा दुसरा एक गायक आधीच होता आणि तो भक्तीपर काही गात असे. शेवटी चिडून त्यांनी "अधिक दीड" लिहिलं आणि ते लगेच मंजूर झालं.

"अधिक दीड?" बायकोने वहीतून मान वर न करता विचारलं. "हा माझ्या चष्म्याचा नंबर आहे."

"एकदम सुचलं."

"माझा आता पावणेदोन झालाय. तुम्हीच तपासलात. मार्चमध्ये."

पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. "गाण्यात असभ्य मजकूर आहे का? होय किंवा नाही." चष्मेवाले सरळ मार्गाने चालणारे. दुसऱ्या कडव्यात "ये ना जवळ, अजून जवळ" असं होतं, आणि ते कुठल्या खात्यात टाकायचं हे त्यांना ठरवता येईना. ते डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं, "जवळ म्हणजे किती जवळ?"

"पंचवीस सेंटिमीटर. वाचायचं अंतर."

"मग नाही असभ्य."

गाणं जगात गेलं आणि चष्मेवाल्यांनी सगळ्यांना कळवलं. सगळ्यांनी अंगठा वर केला. डॉक्टर म्हणाले, "ऐकतो, निवांत ऐकायची गोष्ट आहे ती." मेट्रनबाई म्हणाल्या, दोन ते चारमध्ये ऐकता येणार नाही आणि बाकीच्या वेळात कामं असतात. एक्स्चेंजवाले म्हणाले, त्यांनी ते बनतानाच ऐकलंय. पंधरा दिवसांनी कंपनीचा अहवाल आला: एकूण श्रोते एकेचाळीस, सरासरी ऐकण्याचा वेळ एकोणीस सेकंद. एकेचाळिसातल्या तीन वेळा चष्मेवाले स्वतः होते आणि त्यांनी प्रत्येक वेळी पूर्ण ऐकलं होतं. बाकीच्या अडतीस जणांची सरासरी त्यांनी बायकोला काढायला सांगितली नाही.

अशा मनःस्थितीत असताना दुकानात पाणीपुरवठा कार्यालयातले एक साहेब आले. फ्रेम बदलायची होती. बोलता बोलता ते कुरकुरले, की तक्रार कक्षात नवीन टेलिफोन यंत्रणा बसली आहे. नागरिकाने फोन केला की बाईचा आवाज सांगतो, कृपया थांबा, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि मग संगीत लागायला हवं. पण कुणाचंही संगीत लावलं तर तो हक्क मागतो. "विनातक्रार संगीत कुठून आणू?" साहेब म्हणाले.

चष्मेवाल्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

ना-हरकत प्रमाणपत्राचा नमुना कार्यालयाकडे होता, फक्त तो पाइप आणि जोडसामान घेण्याचा होता. दुसरा नमुना नव्हता, आणि रिकामा रकाना असलेला कागद पुढे सरकत नव्हता. चष्मेवाल्यांनी तीन प्रतींत भरून दिला. लांबी: तीन मिनिटं बारा सेकंद. व्यास: मध्यम. गंजरोधक आहे काय: होय. किती दाब सहन करेल: याच्यासमोर त्यांनी बराच विचार करून "पुरेसा" असं लिहिलं. सहीच्या वेळी साहेबांनी सहज सांगितलं, की यंत्रात एक मिनिट चाळीस सेकंदच मावतात. तेवढं वाजेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

"म्हणजे शिंकेपर्यंत," चष्मेवाले म्हणाले.

"ती शिंक आहे होय? मला वाटलं टाळी आहे."

तिसरं कडवं बाहेर राहणार, याचं वाईट वाटलंच. पण गावभर आपलं गाणं वाजणार हा आनंद इतका होता, की त्याच दुपारी त्यांनी दुकानातून तक्रार कक्षाला फोन लावला. कृपया थांबा. आणि लागलं! त्यांचंच! पलीकडच्या टोकाला सरकारी यंत्रातून आपला आवाज येतो आहे हे ऐकून चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा आला. ते ऐकत असताना कुणीतरी एकदम म्हणालं, "बोला, तक्रार काय?"

आता आली पंचाईत. तक्रार काहीच नव्हती. "गाणं ऐकत होतो" असं पोक्त माणसाने कसं सांगायचं? चष्मेवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि जे तोंडाला आलं ते सांगितलं, "दुकानासमोर फुटपाथवर जरा ओल वाटते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावंसं वाटलं. पुन्हा कक्षातल्या बाईंनी मधेच फोन उचलला. वेगळी तक्रार सांगितली तर खोटारडेपणा दिसेल, म्हणून त्यांनी तीच पुढे चालवली. "ओल अजून आहे. वाढली असावी." तिसऱ्या दिवशी, "झिरपतंय बहुतेक." पाचव्या दिवशी बाई स्वतःच म्हणाल्या, "तुम्ही फार जागरूक नागरिक आहात. माणसं पाठवते."

माणसं आली. चौघं होती, कुदळी आणि एक कर्कश यंत्र घेऊन. चष्मेवाले दारात उभे राहून म्हणत होते, "आता वाळली असेल हो, राहू द्या," पण मुकादम म्हणाला, पाच तक्रारी आहेत एका जागेच्या, आता न खणता गेलो तर मलाच लेखी विचारतील. त्यांनी कोरडाठाक फुटपाथ खणला. खाली कोरडी माती लागली. मुकादमाला संशय आला म्हणून आणखी खणलं. आणि दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, शांततेच्या वेळेत, कर्कश यंत्र मुख्य जलवाहिनीत घुसलं.

पाण्याचा खांब दुकानाच्या पाटीपर्यंत उडाला. दृष्टीतपासणीचा तक्ता वाहून गेला. तो दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे एका मोटारीच्या काचेवर चिकटलेला सापडला.

त्या भागातलं पाणी सात दिवस बंद झालं.

आता सात दिवस पाणी नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? तक्रार कक्षाला फोन करतो. आणि सगळ्यांनीच केल्यावर काय होतं? थांबावं लागतं. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, तासभर. रिकाम्या बादल्यांशेजारी स्टूल ओढून, फोन कानाला लावून, जिने उतरता उतरता सगळा भाग तेच ऐकू लागला: दूर उभी तू, दिसतेस स्पष्ट. ज्या गाण्याला कुणी एकोणीस सेकंद दिले नव्हते त्याला आता प्रत्येक घर रोज तासभर देत होतं. गाण्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्याला सगळे "शिंकेचं गाणं" म्हणत.

"हे ज्याने केलंय ना," डॉक्टर लिफ्टमध्ये चष्मेवाल्यांना म्हणाले, "तो मला एकदा भेटायला हवा. औषध म्हणून नाही. असाच."

"इतकं वाईट आहे?"

"वाईट असतं तर विसरलो असतो. काल पेशंटची नाडी बघताना मी शिंकेची वाट बघत होतो."

डॉक्टरांना चष्मेवाल्यांनी हेच गाणं स्वतः पाठवलं होतं आणि त्यांनी निवांत ऐकतो म्हणून सांगितलं होतं, ही गोष्ट चष्मेवाल्यांच्या ओठांवर आली. पण लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. एक्स्चेंजवाल्यांना अर्थातच गाणं ओळखू आलं होतं. ते सातही दिवस चष्मेवाल्यांना टाळत होते, आणि मूळ कल्पना त्यांची असल्याचं त्या सात दिवसांत कुणाला एकदाही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बायकोने भांडी पुसता पुसता विचारलं, "खणलं कुठे?"

"आपल्या दुकानासमोर."

"का?"

"कुणीतरी तक्रार केली म्हणे."

"किती वेळा?"

बायको गणित शिकवते. उत्तर तिला आधी माहीत असतं. ती फक्त मुलाने पायऱ्या लिहिल्या आहेत का ते बघते. चष्मेवाल्यांनी पायऱ्या लिहिल्या. पहिल्या फोनपासून मुकादमापर्यंत सगळं सांगून टाकलं. आपल्याला आता घराबाहेर काढतील, कमिटीतून काढतील, दुकानावर दगड येतील, असंही सांगितलं.

बायकोने सगळं ऐकलं. "टँकर आलाय खाली," ती म्हणाली. "निळ्या दोन्ही बादल्या घ्या."

सातव्या दिवशी रविवार होता. मेट्रनबाईंनी सकाळी दहा वाजता गच्चीत तातडीची सभा बोलावली. आठ-दहा जण न आंघोळलेले, कपाळावर आठ्या घेऊन बसले होते. कार्यवृत्त लिहायला सेक्रेटरी, म्हणजे चष्मेवाले. मांडीवर वही.

"पाणी केव्हा येईल ते कार्यालयाच्या हातात आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण गाणं बंद करणं त्यांना आज जमेल. आपण पत्र देऊ. सेक्रेटरी, तुमची भाषा चांगली आहे, मसुदा करा. लिहा: सदर गीत ऐकून रहिवाशांना मनस्ताप होत आहे."

चष्मेवाल्यांनी लिहिलं: "सदर गीताची चाल आकर्षक असली, तरी..."

"चाल आकर्षक असं मी कधी म्हटलं?"

"पत्राला तोल यावा म्हणून."

"खोडा ते. आणि दुसरं लिहा: जलवाहिनीच्या जागी ज्याने खोट्या तक्रारी केल्या, त्या इसमाचा शोध घेऊन नाव जाहीर करावं."

चष्मेवाल्यांचं पेन थांबलं. कागदावर शाईचा थेंब मोठा होत गेला. तेवढ्यात मागून बायकोचा शांत आवाज आला, वर्गात येतो तसा.

"एका पत्रात एकच विषय असावा, बाई. दोन विषय असले की कार्यालय दोन्हींचं उत्तर देत नाही. तो विषय पुढच्या सभेत घ्या."

मेट्रनबाईंनी तीस वर्षं कार्यालयांना पत्रं लिहिली होती. त्यांना ते पटलं. "बरोबर. पुढच्या सभेत. गाण्याचंच घ्या." चष्मेवाल्यांनी मागे वळून बघितलं. बायको गच्चीच्या कठड्याकडे पाहत होती.

"तर गाणं," मेट्रनबाई पुढे म्हणाल्या. "मनस्तापाचं एक सोडा. त्याचा अर्थ बघा. बाई लांब उभी असेल तर छान, आणि जवळ आली की नकोशी. हा स्त्रियांचा अपमान आहे. असं लिहा: गीतकाराची वृत्ती हलकी आहे."

चष्मेवाल्यांनी सात दिवस पुष्कळ सोसलं होतं. शिंकेला लोक हसले, सोसलं. चालीला कंटाळले, सोसलं. पण ज्या कडव्यासाठी ते सगळं गाणं लिहिलं होतं तेच कुणी ऐकलेलं नाही, आणि वर वृत्ती हलकी! मांडीवरची वही खाली पडली.

"साफ चूक!" ते उभे राहून म्हणाले. "तिसरं कडवं ऐकल्याशिवाय असं म्हणताच येणार नाही!"

सगळ्यांच्या माना सेक्रेटरीकडे वळल्या.

"तिसरं कडवं?" डॉक्टर म्हणाले. "ते तर शिंकेवर संपतं."

"शिंकेवर संपत नाही. कापलंय ते. पुढे दीड मिनिट आहे."

"तुम्हाला कसं ठाऊक?" मेट्रनबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून विचारलं. तो चष्मा चष्मेवाल्यांनीच करून दिला होता, आणि त्यातून त्या किती स्पष्ट बघू शकतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"कारण ते मी लिहिलंय," चष्मेवाले म्हणाले. "चाल माझी, आवाज माझा. शिंक पण माझी. तुम्हा प्रत्येकाला मी ते पाठवलं होतं. अंगठे आले होते तुमचे."

काही जणांनी खिशातले फोन काढून पाहिले आणि परत ठेवले. डॉक्टर घसा साफ करत आकाशात बघू लागले. एक्स्चेंजवाल्यांनी पुटपुटून सांगितलं की शिंक ठेवावी हे मात्र त्यांनी सुचवलं होतं, पण त्याचा कुणाला राग आला नाही आणि कौतुकही झालं नाही.

मेट्रनबाई चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "म्हणजे सात दिवस मी अर्धंच ऐकत होते. रोज. म्हणा मग तिसरं. एकदा कळू तरी दे काय होतं त्या बाईचं."

"म्हणा, म्हणा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी उत्सुकता होती.

चष्मेवाल्यांनी कपाटातल्या सवयीने चष्मा काढून खुर्चीवर ठेवला आणि सदरा खाली ओढला. एक हात आपोआप हृदयाकडे गेला. उभ्या आयुष्यात दहा माणसांनी त्यांच्याकडे एकदम असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी श्वास घेतला, पोटातून, ताण न देता.

तेवढ्यात गच्चीवरच्या टाकीत घरघर झाली. मग खोकल्यासारखा आवाज. मग धो धो.

"पाणी!"

कोण ओरडलं ते कळलंच नाही. खुर्च्या पडल्या. मेट्रनबाई, ज्यांचे गुडघे दुखत म्हणून सभा नेहमी तळमजल्यावर व्हायची, त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. अर्ध्या मिनिटात गच्ची रिकामी झाली. चष्मेवाल्यांनी बघितलं तर बायकोची खुर्चीही रिकामी होती. श्वास छातीत तसाच राहिला होता. तो त्यांनी सोडून दिला, वही उचलली आणि जिना उतरले.

घरात बाथरूमचा नळ पूर्ण सोडलेला होता. दोन बादल्या भरून झाल्या होत्या, तिसरी लावली होती, आणि रिकामी पिंपं, पातेली, डबे रांगेत उभे होते. बायको बाह्या वर करून उभी होती. त्या इमारतीत सगळ्या बाथरूमच्या खिडक्या मधल्या एकाच अरुंद पोकळीत उघडतात. वरून, खालून, सगळ्या मजल्यांवरून नळांचा आवाज येत होता.

"काय आहे ते तिसऱ्यात?" बायकोने बादलीकडे बघत विचारलं.

"आता?"

"बादली भरेपर्यंत मोकळीच आहे मी."

चष्मेवाले दारात उभे राहिले. पाण्याच्या आवाजावर चढवून, विहिरीतल्या चाळीस माणसांशिवाय, ढोलाशिवाय, त्यांनी गायला सुरुवात केली:

दोष तुझा ना, माझ्या नजरेचा,
चोवीस वर्षांनी आलं ध्यानात...

"सव्वीस," बायको म्हणाली.

"सव्वीस चालीत बसत नव्हतं."

"बसतं. तुम्ही नीट मोजलं नाही. पुढचं?"

पण पुढचं ऐकू जाईना. बादली काठोकाठ भरत आली होती आणि आवाज वाढला होता. चष्मेवाल्यांनी एकदा प्रयत्न केला, ओळ पाण्यात बुडाली. तेव्हा बायकोने हात पुढे केला आणि नळ बंद केला. सात दिवसांनी आलेलं पाणी, रांगेत उभी रिकामी पिंपं, पाणी किती वेळ टिकेल याचा कुणालाच पत्ता नाही, आणि तिने तोटी घट्ट आवळली. ओले हात पुसले. म्हणाली, "हं."

काच पुसून पाहतो जवळून,
तुझ्याइतकं स्पष्ट काही नाही जगात.

एकट्या आवाजात ते तितकंसं बरं लागलं नाही. वरचा सूर फाटला. बायको पंचवीस सेंटिमीटरवर उभी होती, आणि घाईत चष्मा गच्चीवरच राहिल्यामुळे चष्मेवाल्यांना तिचा चेहरा नेमका कसा झालाय ते अजिबात दिसलं नाही.

खालच्या खिडकीतून डॉक्टरांचा घाबरा आवाज आला, "वहिनी! तुमचा नळ बंद झाला काय? पाणी गेलं?"

"आहे हो पाणी," बायकोने पोकळीत वाकून सांगितलं. "त्यांचं गाणं संपायचंय अजून."

खाली तिसऱ्या मजल्यावरचा नळ बंद झाल्याचं ऐकू आलं, आणि त्यानंतर पहिल्या मजल्यावरचा.